लांजेवार मॅडमचा डावा पाय

लांजेवार मॅडमकडे मोटार शिकायला गेलं की पहिल्या दिवशी मोटारीत बसायला मिळत नसे. बसायला मिळे ते शिलाई मशीनवर. भिलाईच्या वैशाली नगरातल्या त्यांच्या घराच्या व्हरांड्यात एक जुनं पायमशीन होतं, त्याच्यापुढे लाकडी स्टूल आणि शेजारी पिवळ्या फडक्यांचा ढीग. डोक्यावर 'एल'ची पाटी मिरवणारी पांढरी गाडी फाटकाबाहेर उभी असायची. तिच्याकडे नुसती नजर गेली तरी मॅडम म्हणायच्या, "तिकडे काय पाहून राहिली? ते कुठी पळून नाही जाऊन राहिली. खाली पाय पाहा."

उजवा पाय स्टुलाखाली दुमडून ठेवायचा आणि एकट्या डाव्या पायाने मशीन चालवून फडक्याच्या कडा शिवायच्या. पाय एकदम टाकला की चाक उलटं फिरून दोरा तुटे. एकदम सोडला तरी तुटे. ज्या दिवशी दोरा न तुटता अख्खं फडकं शिवून होई, त्या दिवशी मॅडम कनवटीची किल्ली काढत. ते फडकं मग ज्याचं त्याचं, गाडीची काच पुसायला. शिकणं संपलं की बायका फडकी तिथेच ठेवून जात आणि मॅडम ती धुऊन, घड्या घालून कपाटात जपत. क्लच कसा सोडायचा हे त्यांनी मला तोंडाने फारसं सांगितलंच नाही. मशीनने सांगितलं.

मी तेव्हा पोलादाच्या प्लांटच्या ऑफिसात कारकून होते. चाळिशी उलटली होती, आणि आपल्याला गाडी येत नाही याचं काहीच वाटत नव्हतं. वाटायला लागलं ते शेजारच्या लांजेवार मॅडममुळे. बुटक्या, अंगाने भरलेल्या, मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ, साडी घोट्याच्या वर खोचलेली. नवरा प्लांटच्या कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर होता, तो गेल्यावर त्याच्या जागी मिळाली असती ती नोकरी त्यांनी न घेता मुलाला लावून दिली आणि स्वतः ही शाळा काढली. वडील साकोलीकडचे शेतकरी, रशियनांच्या मदतीने भिलाई उभी राहत होती तेव्हा प्लांटवर कामाला आलेले. एवढंच त्या स्वतःबद्दल सांगत. विचारलं की म्हणत, "माहं कायले? तुह्या पायाचं बोल."

त्यांच्या दारात चपलांचा एक जोड असायचा. त्यातली उजवी झिजून पातळ झालेली, डावी नवी कोरी. कारण गाडीत बसल्या की डावी चप्पल काढून ठेवत. अनवाणी पायाला क्लच ऐकू येतो असं त्यांचं म्हणणं. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवलेले होते, आणि मॅडमचा तो उघडा डावा पाय कायम त्यांच्या क्लचवर ठेवलेला असायचा. आपण चुकायच्या आधीच तो दाबला गेलेला असे.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पाय राहत. सगळ्या शिष्यांना त्यांनी पायावरून नावं ठेवली होती. माझं नाव वीट, कारण माझा पाय क्लचवर जड पडे. सेक्टरमधल्या एका डॉक्टरीणबाईचं नाव फुगडी, कारण तिचे दोन्ही पाय एकदम नाचत. रश्मी साहू नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, ती घाई. आणि कुम्हारीहून बसने येणारी वंदना, ती कापूस. "असा पाय मी पाह्यला नाही बाप्पा," मॅडम म्हणायच्या. "ठेवते तं समजत नाही, अन् उचलते तं समजत नाही." वंदनाचा नवरा हथखोजच्या एका कारखान्यात वेल्डर होता. तिला कुम्हारीच्या शाळेची व्हॅन चालवायची होती, आणि नवरा व सासू दोघंही त्याला तयार नव्हते. ती अबोल होती, आणि मॅडमचं कौतुक ऐकून मान खाली घालायची.

मशीननंतर गाडी आली की मॅडम शिकाऊ माणसाला मोकळ्या मैदानावर नेत नसत. पाळी सुटायच्या वेळी मुर्गा चौकात नेत. प्लांटचं गेट उघडतं आणि सायकली, स्कूटर, मोटारसायकली यांचा लोंढा सुटतो, त्याच्या बरोब्बर मधे. माझी गाडी तिथे बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. मी घामाघूम, किल्ली फिरवते तर गाडी गचका मारून पुन्हा बंद. मॅडम शांतपणे एका पायात चप्पल घालून खाली उतरल्या आणि हॉर्न वाजवणाऱ्यांच्या समोर उभ्या राहिल्या. "शिकून राहिली ते! आप लोग माँ के पेट से सीख के आए थे क्या?" गर्दी हसली आणि बाजूने निघून गेली. त्या परत येऊन बसल्या. माझा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी. मला म्हणाल्या, "तोंड कावून लाल केलं? चूक पायानं केली ना? मंग लाज पायाले वाटली पायजे, तोंडाले नाही. तोंडाले वाटली का माणूस खोटं बोलते अन् पाय तसाच राहते."

हे त्या सगळ्यांना सांगत. चुकलं की आधी मोठ्याने म्हणायचं, "माहा पाय चुकला." मग गाडी पुन्हा सुरू करायची. म्हटल्याशिवाय त्या किल्ली फिरवू देत नसत. आम्ही सगळ्या जणी ते चारचौघांत म्हटलेलं आहे.

दुसरा एक नियम होता, अंतराचा. पुढच्या गाडीपासून लांब राहायचं. पुढचा कसाही थांबो, मागून धडकलं की चूक मागच्याची. यात त्या वाद ऐकून घेत नसत.

वर्षं गेली. एका सकाळी मी त्यांच्या व्हरांड्यात चहा घेत होते आणि मान वर केली तर फाटकात एक छोटीशी, गोल तोंडाची गाडी उभी. कधी आली ते दोघींनाही कळलं नव्हतं. आतून रश्मी उतरली, हातात पेढ्यांचा डबा. ती आता जीई रोडवरच्या नव्या शोरूमची मॅनेजर झाली होती.

"आवाज नाही तं आली कशी?" मॅडमनी विचारलं.

"बिजली से मॅडम."

मॅडम गाडीभोवती फिरल्या. बॉनेटवर बोटाने टकटक केलं. "कंपनी कोणाची?"

"नाम विलायती है," रश्मी हसून म्हणाली, "पर असल में चीन की है."

"चायना!" मॅडमनी पेढा परत डब्यात ठेवला. त्यांच्या घरात एक चिनी इमर्जन्सी दिवा होता, तो दिवाळीला घेतला आणि तुळशीच्या लग्नापर्यंतही टिकला नाही. डास मारायची रॅकेट तशीच. त्या दिव्याची गोष्ट रश्मीने शांतपणे पुन्हा एकदा ऐकून घेतली.

"वो चायना अलग था मॅडम," ती म्हणाली. "अभी छोटी गाड़ी में उनसे कोई नहीं जीत रहा. थायलंड में यही चल रही है, ब्राझील में यही. युरोपवाले टॅक्स लगा के रोक रहे हैं. कबाड़ होती तो रोकते क्यों? कबाड़ से कोई डरता है?"

"डरत असन ते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दार उघडून आत वाकून पाहिलं, आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. "क्लच कुठी आहे?"

"है ही नहीं."

नव्या घरात स्वयंपाकघरच नाही असं कोणी सांगितल्यासारखं त्यांचं तोंड झालं. "मंग येच्यात शिकवाचं काय?"

"वही तो बात है. लोग डर रहे हैं, आदत नहीं है. कंपनी ट्रेनर माँग रही है. मैंने आपका नाम दिया." रश्मीने आवाज खाली आणला. "मॅडम, सीखनेवाले कम हो गए ना आपके?"

झाले होते. मुली गिअर नसलेल्या स्कूटीवर फिरत आणि मोटार शिकायची तर बिनगिअरची आहे का विचारत. मॅडम त्यांना फाटकातूनच परत पाठवत. व्हरांड्यातल्या फडक्यांचा ढीग महिनोन्‌महिने तसाच असे. पण हे तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. रश्मीच पुढे म्हणाली, "आपके बाबूजी ने भी तो रूसी मशीन पर काम सीखा था. तब भी लोग बोले होंगे, बाहर का माल है."

मॅडमनी डब्यातला पेढा पुन्हा उचलला. "सीखना क्या है येच्यात," त्या म्हणाल्या. "जे बंद गाडी चालू करते, ते खेळणं नाही चालवन का?"

शोरूमच्या उद्घाटनाला महिलांची फेरी ठरली. नव्या गाड्या ओळीने शोरूममधून निघून सुपेल्यापर्यंत जाऊन परत येणार, चालवणार मॅडमच्या शिष्या, आणि सर्वांत पुढे मॅडम. रश्मीने सगळ्यांना आदल्या आठवड्यात येऊन हात बसवून जायला सांगितलं होतं. सगळ्या गेल्या. मॅडम गेल्या नाहीत. मी आठवण केली तर म्हणाल्या, "मले कायले?"

त्या दिवशी त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. गाडीला हार, बॉनेटवर स्वस्तिक, आत काचेपाशी नारळ. माइकवरून त्या बोलल्याही. गाडी कोणत्याही देशाची असो, पाय आपलाच असतो, असं काहीतरी, आणि टाळ्या पडल्या. मग त्या गाडीत बसल्या, सवयीने डावी चप्पल काढून ठेवली. शेजारी रश्मी, मागे मी. आमच्या मागच्या गाडीत वंदना. तिचा नवरा पहिल्यांदाच तिचं चालवणं बघायला आला होता आणि तिच्या शेजारी बसला होता. शाळेच्या व्हॅनचं इतक्या वर्षांनी जवळजवळ ठरलं होतं. नवरा एकदा हो म्हणाला की झालं.

गाडी पाण्यावरून जावी तशी निघाली. रस्त्याच्या कडेला लोक उभे, मोबाइल वर केलेले. मॅडमच्या मानेवरून कळत होतं की त्यांना मजा येते आहे. वळण आलं. वळणावर गिअर खाली घ्यायचा म्हणून त्यांचा डावा हात मधल्या जागेकडे गेला, तिथे काही नव्हतं. मी मागून त्यांचा डावा गुडघा वर आलेला पाहिला. आयुष्यभर जसा क्लच तळापर्यंत दाबला तसा तो पाय त्यांनी दाबला, आणि तिथे होता ब्रेक.

आम्ही सगळ्या पुढे फेकल्या गेलो. नारळ पुढच्या काचेवर आपटून फुटला. आणि लगेच मागून वंदनाची गाडी येऊन धडकली.

कोणाला लागलं नाही. दोन्ही गाड्यांचं प्लास्टिक फुटलं, हार रस्त्यावर पडला. वंदना धावत आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने आमच्या खिडकीशी येऊन, सगळ्यांसमोर, शिकवल्याप्रमाणे मोठ्याने म्हटलं, "मॅडम, माहा पाय चुकला. मी अंतर नाही ठेवलं."

रश्मीने मॅडमकडे पाहिलं. मीही पाहिलं. आता त्या बोलतील असं मला वाटलं. मॅडमनी चप्पल घातली, खाली उतरल्या. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "चायना माल है, अपने आप ब्रेक मार दिया!" हशा झाला. मॅडम त्या आवाजाच्या दिशेने वळून म्हणाल्या, "हाव ना, एकदमच थांबली." मग वंदनाकडे न बघता म्हणाल्या, "पण तुले अंतराचं सांगितलं होतं."

त्यांना सुटायला दोन वाटा मिळाल्या होत्या, एक चिनी गाडी आणि एक वंदना, आणि त्यांनी दोन्ही घेतल्या. तिथेच, भर रस्त्यात, वंदनाच्या नवऱ्याने हात पुढे केला आणि तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. मला इतकी शरम वाटली की मी फुटलेल्या नारळाकडे बघत उभी राहिले. शोरूमचं नाव जात होतं, तरी रश्मी गुरूच्या विरुद्ध बोलली नाही.

त्यानंतर मॅडमचं फाटक बंद राहायला लागलं. पांढऱ्या गाडीवर धूळ बसली. मी दोनदा गेले, दोनदा "डोकं दुखून राहिलं" म्हणून परत पाठवलं. पुढच्या खेपेला गेले तर त्या मशीनसमोर स्टुलावर बसलेल्या, मांडीवर एक पिवळं फडकं. त्याची शिवण एका रेषेत होती. विचारायची गरज नव्हती, ते वंदनाचंच होतं.

"गाडीत खोट नव्हती वो," त्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे. तुमचा गुडघा दिसला होता मला."

"मंग बोलली कावून नाही?"

"तुम्ही नाही बोललात म्हणून."

त्यांनी मान हलवली. "मी म्हटलं असतं तं काय झालं असतं? लोक म्हणले असते, लांजेवार मॅडमचा पाय चुकला. एवढंच ना? दोन दिवस हसले असते." फडक्याची घडी घालत, मोडत त्या बोलत होत्या. "तोंडाले लाज वाटली मले. सगळ्याईले शिकवलं अन् मलेच नाही आलं." मग रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि कुठे बघावं ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसने कुम्हारीला गेलो. सर्व्हिस रोडला लागूनच वंदनाचं घर होतं. नवरा दारात आला. मॅडमनी दोन्ही चपला बाहेर काढल्या आणि बसायच्या आधीच, उभ्यानेच सांगितलं, "भाऊ, त्या दिवशी चूक माही होती. मी ब्रेक दाबला, क्लच समजून. हिची काही चूक नाही. मी खोटं बोलली."

नवरा भला माणूस होता. त्याने खुर्ची पुढे केली. "जाऊ द्या मॅडम, झालं ते झालं. पण आता गाडी नको. मी शेजारी बसलो होतो ना, माह्या डोळ्यानं पाह्यलं. व्हॅनवाल्याईनं बी दुसरा ड्रायव्हर ठेवला."

वंदनाने चहा आणून दिला. मॅडमनी तिचा हात धरला. "कापूस, मले बोल वो काही. शिव्या दे."

वंदनाने हळूच हात सोडवला. "शिव्या कायच्या मॅडम? गाडी ठोकली त्याचं काही नाही. पण तुमी मले पाह्यलं बी नाही." आणि ती आत गेली.

परतीच्या बसमधून मॅडम घरी न जाता शोरूमवर उतरल्या. तिथल्या सगळ्या पोरापोरींसमोर, दोन गिऱ्हाइकं बसली होती त्यांच्यासमोर, त्यांनी हिंदीत सांगितलं की गाडी चांगली आहे, पाय माझा चुकला. मग रश्मीला म्हणाल्या, "घाई, मुझे सिखा."

रश्मीने शिकवलं. डावा पाय काही केल्या ऐकेना, जिथे थांबायचं तिथे खाली जाई. शेवटी मॅडमनी त्यावर आपला उपाय काढला. जेवायला बसताना घालतात तशी डाव्या पायाची मांडी घालून तो सीटवरच घ्यायचा आणि एकट्या उजव्या पायाने चालवायचं. मग तीच तऱ्हा व्हरांड्यात आली. आता शिकायला येणाऱ्याला डावा पाय स्टुलाखाली दुमडायला लावत आणि उजव्याने मशीन चालवायला. येणारे वाढले होते. त्या छोट्या चिनी गाड्या खरोखरच भिलाईभर दिसू लागल्या होत्या, आणि ज्यांना क्लचची सवय होती ते सगळे मॅडमकडे येत. प्रत्येकाला त्या पहिल्या दिवशी ती गोष्ट सांगत, वंदनाचं नाव घेऊन, स्वतःचं खोटं न वगळता. मी कितीदा तरी ऐकली. त्यांना ती सांगणं कधीच सोपं गेलं नाही. 'पण तुले अंतराचं सांगितलं होतं' या वाक्यापाशी आल्या की आवाज खाली जायचा आणि मान रस्त्याकडे वळायची.

निवृत्तीनंतर मी भिलाई सोडली. मुलीकडे कायमची चालले होते, रायपूरहून विमान होतं. रविवार होता. निरोप घ्यायला गेले तर मॅडम घरी नव्हत्या. "इतवार को शोरूम की गाड़ी लेके कहीं जाती हैं," शेजारच्या बाईंनी सांगितलं. मी बसमध्ये बसले. बस कुम्हारीला सर्व्हिस रोडवर थांबली, आणि खिडकीतून मला ती गोल तोंडाची गाडी दिसली, वंदनाच्या घरासमोर.

मॅडम चालवायच्या जागी नव्हत्या. त्या डाव्या बाजूच्या सीटवर बसल्या होत्या, मांडी घालून, हात मांडीवर. त्यांच्या बाजूला ना क्लच होता ना ब्रेक. चालवणाऱ्याचं दार सताड उघडं होतं, आणि त्या रिकाम्या सीटवर पिवळं फडकं घडी करून ठेवलेलं होतं. हॉर्न वाजवत नव्हत्या, हाक मारत नव्हत्या. फाटकाच्या आत, कपडे वाळत घातलेल्या दोरीपाशी वंदना पाठमोरी उभी होती. गाडी आली आहे हे तिला माहीत होतं, कारण ती वाळलेले कपडे उतरवत नव्हती, नुसती दोरीला धरून उभी होती.

मी खिडकी सरकवायला गेले, ती अडकली होती. बस सुटली तेव्हा गाडीचं दार तसंच उघडं होतं.